सदाभाऊंचं मशीन

कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या डेंटल लॅबमध्ये कवळीच्या दातांना आकार द्यायचं हातातलं मशीन सदाभाऊंचं आणि माझं अगदी सारखं, बारा वर्षं जुनं. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं. आतल्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले की अख्ख्या कुवेतमध्ये मिळत नाहीत. सदाभाऊ ते गावाहून आणायचे, म्हणून त्यांचं मशीन झकास चालायचं. माझं महिनाभर दर दाताला अडकत होतं.

काल ड्यूटी संपवून सदाभाऊ दीड महिन्याच्या सुट्टीवर नाशिकला गेले. आज सकाळी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचलो आणि त्यांच्या पेटीतलं मशीन काढलं. त्यावर त्यांनी कोरलेलं 'सदा' माझ्या मशीनने घासून टाकलं. नेमकं तेव्हा माझं मशीन एकदाही अडकलं नाही. मग माझं मशीन त्यांच्या पेटीत ठेवलं आणि त्यांचं माझ्या. विचारलंच तर म्हणणार होतो, "वापरून वापरून नाव पुसलं असेल, सदाभाऊ."

पेटी बंद करतोय तोच त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"संग्राम, काल घाईत सांगायचं राहिलं रे. माझे नवे ब्रश तुझ्या मशीनमध्ये टाकलेत, तुझे झिजलेले माझ्यात. मला काय, आता दीड महिना आरामच!"

मी 'थँक्यू सदाभाऊ' टाइप केलं.



स्क्रीनवर माझ्या बोटांना लागलेली त्यांच्या नावाची भुकटी उमटली.