बायकोची उजळणी

संसार विश्वासावर चालतो, असं लिफ्टवाला आपल्या थोरल्या बहिणीला गंभीरपणे म्हणाला, आणि बायकोची उजळणी घ्यायला त्याने फोन लावला.

"नवऱ्याचा व्यवसाय?"

"लिफ्टची दुरुस्ती आणि देखभाल," मायदेशातून बायकोचा आवाज आला.

"देखभाल आधी म्हण. दुरुस्ती म्हटलं की माणसाच्या मनात बिघाड येतो. चहात साखर?"

"एक चमचा. दुसरा तुम्ही ताईंची पाठ वळली की घालता."

ताई समोरच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने फक्त मान वर केली.

"हे विमानतळावर विचारणार नाहीत," तो घाईघाईने म्हणाला. "मजला?"

"सहावा. लिफ्ट बंद असते. दुसऱ्यांच्या दुरुस्त करण्यातून तुम्हाला वेळ मिळत नाही."

"फक्त सहावा म्हण."

लग्न मावशीने जमवलं होतं. सुट्टी संपायच्या आत पाहणं, ठरणं आणि सह्या उरकून तो एकटाच कामावर परत आला होता. तेव्हापासून तो बायकोला इकडे आणण्याच्या मागे हात धुऊन लागला होता. तिला पोसण्याची हमी त्याने लिहून दिली, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर करून घेतलं, तिच्या छातीचा फोटो काढून घेतला. तो फोटो दोन्ही देशांच्या डॉक्टरांनी पाहिला. स्वच्छ होता. परवानगी आली.

आता उरला होता प्रवास आणि इकडच्या विमानतळावरची पासपोर्ट तपासायची खिडकी. खिडकीचीच त्याला धास्ती होती. तो ज्या इमारतीत कामाला जायचा, तिथल्या एका भाडेकरूची बायको त्या खिडकीवरून परत गेली होती. तिने नवऱ्याचा मजला चुकीचा सांगितला होता. लिफ्टच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट जिव्हारी लागावी, यात नवल नाही.

"तिकीट थेट विमानाचं काढतोय," तो म्हणाला. "मध्ये उतरून दुसरं पकडायचं म्हणजे तू भांबावशील. आणि जागा अगदी पुढची. म्हणजे रांगेत पहिली येशील."

"पहिल्यांना जास्त तपासतात हो. मागून गेलेलं बरं. तोवर खिडकीतल्या माणसाला जेवायची घाई झालेली असते."

"तुला काय माहीत?"

"तेच सांगत होते. माझ्या कामाच्या ठिकाणी..."

"ते आल्यावर. मग गप्पाच मारायच्यात. माझ्या आईचं माहेरचं आडनाव?"

तिने सांगितलं. बरोबर होतं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याची रात्रपाळी, तो भिंतीकडे तोंड करून झोपतो हे, सगळं तिला तोंडपाठ होतं. शेवटी फोन ठेवताना ती म्हणाली, "झोपा आता. भिंतीकडे."

"पोरगी हुशार आहे," ताई म्हणाली. "तिची परीक्षा झाली. तुझी कोण घेणार?"

"माझी कशाला? मी बोलावणारा आहे."

"हो का. आणि ती बोलावलेली. नळ दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा आपण बोलावतोच."

विमान वेळेवर उतरलं. लिफ्टवाला नव्या शर्टात, तिच्यासाठी घेतलेला कोट हातावर टाकून काचेच्या दाराशी उभा होता. माणसं बाहेर आली, गळ्यात पडली, गाड्या ढकलत निघून गेली. मग विमानातले कर्मचारी आले. मग झाडूवाला.

"मजला चुकली असणार," तो पुटपुटला.

"गप्प बस," ताई म्हणाली, पण तिनेही त्याचा दंड धरला.

तेवढ्यात आतून एक माणूस आला आणि लिफ्टवाल्याला एकट्यालाच घेऊन गेला. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक अर्धवट उघडं दार होतं. टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या.

"सहावा मजला," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"त्यांनी सांगितलं. साखरेचंही सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं." बाईंनी पेन उचललं. "सगळं बरोबर आहे. पद्धत म्हणून तुम्हालाही एक-दोन विचारते. लग्नाआधी त्या काय करायच्या?"

लिफ्ट अडकली की उगाच बटणं दाबू नयेत, असं तो लोकांना नेहमी सांगायचा.

"घरीच असायची," तो म्हणाला.

"भावंडं?"

"भाऊ आहे." त्याने लग्नातले चेहरे आठवून पाहिले. "दोन असतील."

"त्यांना खायला काय आवडतं?"

"सगळंच. तक्रार नाही तिची."

अर्धवट उघड्या दारापलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. बाई उठून तिकडे गेल्या. बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं. मध्ये एकदा दोघी हसल्या. लिफ्टवाल्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं. त्याने कोटाची कॉलर सारखी केली.

बाई परत आल्या त्या एकट्याच.

"घाबरू नका, तुमच्या उत्तरांवरून मी त्यांना अडवणार नव्हते. नवे नवरे असेच असतात, शिक्का मारते, असं त्यांना म्हणालेही."

"मग कुठे आहे ती?"

"त्या म्हणाल्या, बोलावणाऱ्याला येणाऱ्याची काहीच माहिती नसेल तर परत पाठवतात. आपण स्वतः असं कुणाला कधी सोडलं नाही, मग आपल्यालाच कसं सोडायचं? तिकडच्या विमानतळावर अशाच खिडकीत असतात त्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तो हातावरच्या कोटाची घडी घालू लागला.

"त्याच विमानाने परत निघाल्यात. राजीनामा अजून मंजूर झालेला नाही त्यांचा. सोमवारी कामावर हजर होता येईल, म्हणाल्या."