इटलीचा झगा

रंगुबाईनं झगा मांडीवर पसरला आणि कात्री घेतली. पांढरा, जुना, गळ्याला नि बाह्यांना जाळीची लेस, छातीवर रेशमानं भरलेली द्राक्षांची वेल. लढाई संपवून तिचा लेक मानसिंग कालच इटलीहून दहिवडीला परतला होता, ट्रंकेत हा झगा घेऊन. उद्या त्याच्या बहिणीच्या मुलीचं बारसं. मामाचा आहेर म्हणून याचं झबलं होणार होतं.

बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागतं, आणि तेही जगल्या-भोगल्या बाईच्या अंगावरचं. तिचं आयुष्य बाळाला मिळतं म्हणतात. म्हणून रंगुबाईनं विचारलं, "कुणाचं रं हे?"

"एका म्हातारीचं. लगनातला झगा तिचा." मानसिंग खुशीत होता. दारात बसलेल्या दोस्ताला, सिद्धूलाही ऐकू जाईल असं बोलत होता. "घरात तान्ही नात रडत हुती. ह्यो झगा म्होरं करून दूध मागाय लागली."

"मग?"

"मग काय, दिला दुधाचा डबा. आमीच पिऊन मोकळा केल्याला. आत माती भरली, वर झाकान ठोकलं. वजनाला बराबर!"

सिद्धू मांडी थापटून हसला. असल्या हसण्याची किळस येते. हसणाऱ्याला मात्र कधी येत नाही.

बाळंतीण राहीबाईनं पोरीला छातीशी ओढलं. "दादा, मग त्या पोरीचं काय झालं?"

"कुणाला ठावं? आमी लगीच म्होरं निघालो."

रंगुबाईनं झगा दोन बोटांनी उचलला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा लेकाच्या पुढ्यात टाकला. चुलीतली राख घेऊन हात घासले. याला आपण अंगावर पाजलं, याचीच तिला शिसारी आली.

"आये, लढाई हुती ती," मानसिंग म्हणाला. "तितं समदीच तसं करत्यात."

"तू तान्हा हुतास, तवा दुस्काळ पडला," रंगुबाई म्हणाली. "माझं दूध आटलं. लगनातलं लुगडं दुकानात दिलं आन पिशवीभर जुंधळं आणलं. त्यो दुकानदार लय हरामी हुता."

ती हात घासायची थांबली.

"पर घरी येऊन पिशवी सोडली, तर आत जुंधळंच हुतं."