दोन बोटं आत

धावायची शॉर्ट्स शिलाई मशीनवर टाकत लेक म्हणाली, "आई, कमरेत अजून दोन बोटं आत घे ना. घसरतेय."

आईने मशीन थांबवलं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्या हाताखालून जात. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाला दिवस गेले, हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं. आणि पोटच्या पोरीची ही शॉर्ट्स या मोसमात तिसऱ्यांदा आत घ्यायला आली होती.

"इकडे ये. हात वर कर."

टेप कमरेभोवती फिरवताना आईची बोटं बरगड्यांना लागली. पोट खपाटीला गेलं होतं. पहाटे एवढं पळून आल्यावर पोरीने अर्धं सफरचंद खाल्लं होतं, उरलेलं अर्धं अजून ओट्यावर काळं पडत होतं.

"अंग हलकं तर पाय हलके," लेक म्हणाली. "रविवारी मॅरेथॉन आहे."

"हे तुझ्या कोचमॅडमनी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"मी मॅडमचं विचारलं."

लेक टेपचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"पाळी कधी आली होती?"

"जाते गं धावणाऱ्या मुलींची. बरंच आहे, कटकट नाही." पण हे बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आई खाली बसली आणि तिच्या नडगीवरून अंगठा फिरवू लागली. एका जागी आल्यावर पोरीचा श्वास अडकला.

"काल कठडा धरून जिना उतरलीस, तेव्हाच म्हटलं. रात्रीही ठणकतं ना?"

"थोडंसं. आई, ऐक ना, मी धावायला एका पायावर तयार आहे."

"तेच तर. धावायला दोन लागतात."

लेकीला हसू फुटलं आणि त्यामागोमाग रडू. "वर्षभर मर मर मेलेय मी या शर्यतीसाठी! शिवून दे ना. एवढं एकदाच."

आईने शॉर्ट्सची घडी घातली आणि बाजूला ठेवली. "मी माणसाच्या मापाने कपडा कापते. कपड्याच्या मापाने माणूस कापायचा, ते मला नाही जमायचं."

मग ती ओट्यापाशी गेली. तव्यावर दोन अंडी फोडली, उकडलेला बटाटा चिरून परतला, जाड पाव भाजला. ताट लेकीपुढे ठेवलं आणि शेजारी तिचाच फोन.

"मॅडमना तू सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल."

लेकीने फोन उचलला. मग नाक पुसून तिने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगून टाकलं. नडगी, पाळी, सफरचंद. एकदा बोलायला लागल्यावर तिला मध्येच थांबता येईना.



"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," मॅडम म्हणाल्या. "मीही येते. आणि रविवारी तू धावणार नाहीस. माझ्याबरोबर पाण्याच्या टेबलाशी उभी राहशील."

लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि मग?" लेकीने विचारलं.

"नडगीच्या हाडाला चीर असली तर ती भरेल," मॅडम म्हणाल्या. "मग पुन्हा सुरुवात, हळूहळू, आणि पोटभर खाऊन. अगं, विशीत आहेस तू. मॅरेथॉन धावणाऱ्यांचे चांगले दिवस तिशीत येतात. तोवर शाबूत पोचायला नको का?"

लेकीने ताट जवळ ओढलं. बटाट्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"ऐकतेयस ना? हॅलो? काय झालं, बोलत का नाहीस?"

"थांबा हं, मॅडम," लेक कशीबशी म्हणाली, "तोंडात घास आहे."