हातानं लिहिलेला मार्ग
या, जवळ सरका, जिवाला लागेल अशी गोष्ट सांगतो. इस्पितळात एका बाळंतिणीचं हृदय थकत होतं आणि तिच्या तपासणीची चित्रं दूरच्या डॉक्टरांकडे पोचत नव्हती. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईनं पाहिलं, चित्रं पाठवायचे मार्ग दोन होते: एक सॉफ्टवेअरनं शोधलेला, मोकळा, दुसरा तिच्या साहेबांनी यंत्रात हातानं लिहून ठेवलेला, त्यांच्याच मेहुण्याच्या कंपनीतून जाणारा, तुंबलेला. सॉफ्टवेअरनं तुंबलेलाच धरला, कारण माणसाचा शब्द ते स्वतःच्या शोधाहून थोर मानतं. ताईनं साहेबांनी लिहिलेली ती मार्गाची ओळ खोडली. चित्रं सुटली, पण तोवर बाळंतीण गेली. साहेब चहाचा कप घेऊन आले. “अहो ताई, मार्ग सॉफ्टवेअरनं निवडला, आपण काय करणार? घ्या.” ताईला त्या वाफेचीसुद्धा शिसारी आली. “त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरनं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, साहेब.” तिनं चहा बेसिनमध्ये ओतला. बाबांनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.