कोमट पाण्यातल्या पिसवा

कारखान्याचा नाला तळ्याला मिळतो तिथलं पाणी कोमट होतं आणि त्यावर कुबट वासाचा तवंग होता. कारखान्यासाठी तळ्याची तपासणी करणारी ती तिथल्या पाणपिसवा आपल्या प्रयोगशाळेत घेऊन आली. खसखशीएवढे ते कवचाचे जीव कॅडमियम या विषारी धातूने गच्च भरलेले निघाले. तळ्यातले मासे याच पिसवांवर पोसले जात होते, आणि तेच मासे आसपासच्या घरांत लहान पोरांना भरवले जात होते.

कारखान्याचे मॅनेजर तिच्या ताईचे यजमान. तिने बोलावल्यावर ते लगेच आले.

"अगं, पण आमच्या पाण्यात कॅडमियम नियमात बसतं!"

"बसतं ना, भाऊजी. पण तुम्ही पाणी गरम सोडता. उन्हाळ्यात तर ते आणखी तापतं. गरम पाण्यात या पिसवांचा श्वास वाढतो आणि त्या तेवढ्याच पाण्यातून कितीतरी जास्त धातू ओढून घेतात. पाणी निववून सोडा, एवढंच सांगतेय."

भाऊजींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "शी! किळस येते गं," म्हणत ते मागे सरले. मग त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले. निदान घरच्या माणसाला तरी कळलं, म्हणून तिला हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "तुझं म्हणणं वर सगळ्यांना पटलं बरं का!"

"मग पाणी निववून सोडणार?"



"छे गं! पिसवांची तपासणी यापुढे फक्त ऐन थंडीत करायची, असं ठरलंय."