मातृवृक्षाची ओटी

इंग्रजांच्या काळातल्या त्या आंबा संशोधन केंद्रात बचतगटाची सहल पोचली आणि एका जुन्या झाडापाशीच अडकली. झाडावर पाटी होती, ‘मातृवृक्ष’. ती वाचून बायकांनी चपलाच काढल्या. परतताना देवीला जायचं असल्यामुळे ओटीचं सामान प्रत्येकीच्या पिशवीत होतंच.

“वनमालाबाई, तुम्ही पहिल्या,” शेवंताकाकू म्हणाल्या. “पदर पसरा नि मागा. ही देईल.”

बालवाडीच्या वनमालाबाईंना हे नवीन नव्हतं. मूल नाही म्हणून दिसेल त्या देवीपुढे त्यांना उभं करायची गावाला सवयच लागली होती. पिशवी काखेत घट्ट धरून त्या मागे सरकल्या.

तेवढ्यात केंद्रातल्या मॅडम आल्या. “अहो, देवीबिवी नाही. याच्या काड्या कापून आम्ही कलमं बांधतो, म्हणून मातृवृक्ष. तुमच्या परसातला हापूससुद्धा याच्याच काडीचा असेल. पण सारखी छाटणी होते ना, त्यामुळे याला स्वतःला आंबा धरत नाही.”

“एकही नाही?” शेवंताकाकूंनी बाहेर काढलेला नारळ पुन्हा पिशवीत टाकला. “मग हिच्याकडे मागून काय मिळणार?”

सगळ्याजणी चपला घालायला वळल्या. वनमालाबाई मात्र पुढे झाल्या. त्यांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि मुळाशी खण, तांदूळ, नारळ ठेवून ओटी भरली.

“ताई, सांगितलं ना, हे नुसतं झाड आहे,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणून तर,” वनमालाबाई म्हणाल्या. “हिच्याकडे काही मागायचं नाहीये मला.”