डावीकडचा पास

"वाच की! लिहिताना नाही लाजलीस, आता कशाला लाजतेस?" आजी म्हणाली.

लेखिकेने घसा खाकरला आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण उघडलं. पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं. युद्धाच्या दिवसांत दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला होता, त्याची ती गोष्ट. त्या संघातली आज हयात असलेली ही आजी एकटीच, वय चौऱ्याण्णव. हिच्या कानावर घातल्याशिवाय छापायचं नाही, असं लेखिकेने ठरवलं होतं.

सुरुवात झकास झाली. भाऊ आघाडीवर गेलेले, म्हणून त्यांचे बूट बहिणींच्या पायांत. दोन नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आणि दोन गोदामांमधलं अंगण. स्फोटकांच्या भुकटीने पिवळे पडलेले, कितीही घासले तरी तसेच राहणारे हात. बॉयलरच्या पाइपावर वाळत टाकलेल्या जर्सी. आजी डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा उजवा पाय मधूनच सपातेतल्या सपातेत हलत होता.

"पाइपावर वाळलेल्या जर्सीला जळकट वास यायचा," ती म्हणाली. "अजून कधी इस्त्री जास्त तापली ना, की मी तिथेच असते बघ."

लेखिकेने ते घाईघाईने समासात टिपलं. असलं काही कुठल्या कागदपत्रांत सापडायला!

मग आला शेवटचा सामना. तो तिने एका जुन्या कात्रणावरून रचला होता. बातमीदार मोठा मिश्कील. कारखान्याच्या दहाच जणी उतरल्या, अकरावी आलीच नाही, असं त्याने लिहिलं होतं. शिवाय मधल्या फळीतली एक मुलगी डावीकडे चिटपाखरू नसताना पुन्हा पुन्हा तिकडेच चेंडू मारत राहिली आणि सहा वेळा तो रेषेबाहेर गेला. लेखिकेने त्याला आणखी मीठमसाला लावला होता. अकरावी भिऊन घरी बसते, गर्दी बघून मधलीची पाचावर धारण बसते, तिला डावं कुठलं न् उजवं कुठलं तेच कळेनासं होतं. प्रकाशक तर हे वाचून हसून हसून बेजार झाला होता. सगळ्या पुस्तकात हाच प्रसंग फक्कड जमलाय, असं त्याचं मत होतं.

चहाचे कप घेऊन आलेली आजीची लेकही दारातच हसायला लागली. लेक स्वतःच सत्तरीची. "अहो, ती मधली म्हणजे आमची आईच! आमच्याकडे भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणतात, मारला आईसारखा बाहेर!"

आजीही हसली. फार वर्षांच्या सवयीचं हसू होतं ते.

"सहा नाही, सात वेळा," ती म्हणाली.

लेखिकेने पेन उघडलं. "सात करते."

"आणि ती घरी बसली नव्हती."

"कोण, आजी?"

"भिंगरी. आमची डाव्या कडेची. तिचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून भिंगरी." आजीने डोळे उघडले. "गुरुवारी चार नंबरच्या शेडला आग लागली. ती आतच होती. रविवारी सामना. जखमी सैनिकांना बघायला आणणार होते, रद्द कोण करणार? आणि आगीबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा वरून हुकूम. शत्रूला कळेल म्हणे. सगळी अळीमिळी गुपचिळी. तिच्या जागी दुसरी घ्या म्हणाले, ते मात्र आम्ही ऐकलं नाही. दहा जणीच उतरलो."

लेकीने होती तिथेच कप खाली ठेवले.

"मी घाबरले नव्हते गं," आजी लेखिकेला म्हणाली. "मुद्दामही मारला नाही. दोन वर्षं चेंडू पायाशी आला की मान वर न करता डावीकडे द्यायचा, ती तिथे असायचीच. ती गेली हे मला ठाऊक होतं. माझ्या पायाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"आई, इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस?" लेक म्हणाली.

"आधी बोलायची बंदी होती. ती उठेपर्यंत तुम्ही पोरं हसायला लागला होतात. म्हटलं, हसताहेत तर हसू देत."

लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं ती या मुलींच्या मागे हिंडत होती, त्यांच्या बुटांचे नंबर तिला पाठ होते. आणि कात्रणातलं हे एक वाक्य तिने जसंच्या तसं खरं मानलं होतं. तिने पान मांडीवर घेतलं आणि वरपासून खालपर्यंत काट मारायला लागली.

"माफ करा, आजी. हा प्रसंग मी काढूनच टाकते."

आजीने तिचं मनगट धरलं. चौऱ्याण्णव वर्षांचा हात, पण पकड काही सुटेना.

"खोडू नकोस. चेंडू बाहेर गेला, ते खरंच आहे. लोक हसले, तेही खरं." मग तिने हात सोडला. "फक्त मी तो कुणाला दिला होता, तेवढं लिही."